छंद, चाळा आणि व्यासंग

सहामाही परीक्षेचा निकाल लागला म्हणजे पालकमंडळी आम्हा शिक्षकांच्या भेटीस येतात, आणि गुणपत्रिका हाती घेऊन बहुधा एकच तक्रार करतात: "मुलगा तसा हुशार आहे हो, पण नको ते छंद फार. तेवढे सुटले तर अभ्यास होईल." कोणास पक्षी न्याहाळण्याचा नाद असतो, कोणास जुनी नाणी जमविण्याचा, कोणास चित्रांचा, एखादी मुलगी आजीच्या गोष्टी ऐकण्यात तासचे तास घालविते. पालकांचा हेतू शुद्ध असतो, यात संशय नाही. परंतु या तक्रारीच्या मुळाशी एक समजूत दडून बसलेली असते. अभ्यास आणि छंद ही परस्परांचा घास हिरावून घेणारी भावंडे आहेत. एकाचे पोट भरावयाचे तर दुसऱ्यास उपाशी ठेवलेच पाहिजे, अशी ती समजूत होय. आमच्या मते ती चुकीची आहे. ती का चुकीची आहे, हे नुसत्या उपदेशाने सांगण्यापेक्षा एका अध्यापकाच्या आयुष्यावरून दाखविणे अधिक बरे, असे आम्हांस वाटते.

विद्यापीठात साहित्य शिकविणारा अध्यापक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठराविक मूर्ती उभी राहते. जाड भिंगांचा चष्मा, पुस्तकांनी वाकलेल्या फळ्या, आणि बाहेरच्या जगाकडे फिरविलेली पाठ. त्यास पुस्तकांवाचून दुसरी आवड असेल अशी कल्पनाही आपण करीत नाही. असलीच तर ती त्याने निवृत्तीनंतरसाठी राखून ठेवलेली असावी, असे धरून चालतो. आम्ही ज्यांच्याविषयी सांगणार आहोत ते अत्तिपट कृष्णस्वामी रामानुजन हे मात्र या मूर्तीत कोठेही बसत नाहीत.

रामानुजन यांचा जन्म १९२९ साली म्हैसूर येथे झाला. वडील गणिताचे प्राध्यापक. ग्रहताऱ्यांचे गणित जाणणारे, आणि त्याच वेळी कुंडल्या पाहणारेही. घरात भाषांची वाटणी मोठी मौजेची होती. माडीवर वडिलांची अभ्यासिका, तेथे इंग्रजी व संस्कृत यांचे राज्य. खाली स्वयंपाकघरात आई व आजी यांची तमिळ. आणि दाराबाहेर पाऊल टाकले की रस्त्यावर कानडी. एका जिन्याच्या वर-खाली आणि एका उंबरठ्याच्या आत-बाहेर मुलाची भाषा बदलत असे. या मुलास शाळकरी वयात जादूचे खेळ करून दाखविण्याचा नाद लागला होता. त्यासाठी त्याने शिंप्याकडून छुपे खिसे असलेला कोट शिवून घेतला होता म्हणतात. आमच्या ओळखीचा एखादा पालक तेथे असता, तर त्याने तो कोट त्याच दिवशी बोहारणीस दिला असता!

म्हैसूर विद्यापीठातून इंग्रजी साहित्य घेऊन ते एम. ए. झाले आणि अध्यापक बनले. दक्षिणेत कोल्लम व मदुराई येथे थोडा काळ काढून १९५२ साली ते बेळगावास लिंगराज महाविद्यालयात आले व पाच वर्षे तेथे राहिले. काम होते इंग्रजी शिकविण्याचे. बेळगाव हे कानडी आणि मराठी या दोन भाषांच्या सांध्यावरचे गाव. तेथील बाजारात एकाच सौद्यात दोन्ही भाषा ऐकू येतात. वर्गात परदेशी कवी समजावून सांगावे, आणि वर्ग सुटला की आसपासच्या घरांतून म्हाताऱ्या बायका ज्या कहाण्या, म्हणी व कोडी सांगतात ती ऐकून लिहून घ्यावी, असा या तरुण अध्यापकाचा क्रम होता. त्यास कोणी हे काम नेमून दिले नव्हते. त्याचे वेतन मिळत नव्हते, त्यावर बढती अवलंबून नव्हती, आणि त्या काळच्या विद्वानांच्या दृष्टीने पोरांस भरविताना सांगावयाच्या गोष्टींस साहित्य म्हणणे हेच हास्यास्पद होते. लहानपणी संध्याकाळी स्वयंपाकघरात, भाताचे घास खाता खाता, डोळ्यांवर झोप येऊ नये म्हणून ज्या गोष्टी त्यांच्या कानी पडल्या होत्या, त्यांचीच भावंडे त्यांस या परक्या गावी भेटत होती. आणि ती हातची जाऊ नयेत एवढीच त्यांची इच्छा होती.

आता वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या छंदाने त्यांच्या अध्यापनास बाधा आली नाही. उलट त्याने त्यांस पुढील विद्येकडे ढकलले. जी बोली कानांनी ऐकली, तिची घडण शास्त्राने समजून घ्यावी, अशी ओढ वाटून ते १९५८ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राच्या अभ्यासास आले. तेथून अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात जाऊन कानडीच्या व्याकरणावर प्रबंध लिहून त्यांनी १९६३ साली डॉक्टरेट मिळविली. त्यापूर्वीच ते शिकागो विद्यापीठात रुजू झाले होते, आणि १९९३ साली मृत्यू येईपर्यंत ते तेथेच शिकवीत होते.

शिकागोतील एक प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. १९६२ साली एका शनिवारी ते विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात प्राचीन तमिळचे एखादे प्राथमिक व्याकरण शोधावयास गेले. तमिळ ही त्यांची मातृभाषा, पण तिचे दोन हजार वर्षांपूर्वीचे रूप त्यांस कोणी शिकविले नव्हते. तेथे धूळ खात पडलेल्या पुस्तकांत त्यांच्या हाती 'कुरुंतोगै' हा सुमारे चारशे छोट्या प्रेमकवितांचा प्राचीन संग्रह लागला. स्वयंपाकघरातील भाषेच्या पोटात एवढे मोठे काव्य आहे, हे त्या मातृभाषेच्या लेकरास सातासमुद्रापलीकडील एका तळघरात कळावे, यात जेवढा आनंद आहे तेवढाच आपणां सर्वांस लाजविणारा अर्थही आहे. त्या दिवसापासून त्यांनी त्या कविता इंग्रजीत उतरविण्यास आरंभ केला. १९६७ साली त्यांचे पुस्तक निघाले, आणि जगास तमिळ काव्याचे हे दालन खुले झाले. पुढे १९७३ साली त्यांनी बसवण्णा, अल्लमप्रभू, महादेवी अक्का इत्यादी वीरशैव संतांच्या वचनांचे भाषांतर प्रसिद्ध केले, आणि या संतांची वाणी कर्नाटकाबाहेर दूरदेशी पोहोचली.

तो संग्रह तळघरात पोहोचला तरी कसा, हेही सांगितले पाहिजे. त्याची ती आवृत्ती १९३७ साली उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी सिद्ध केली होती. हेही अध्यापकच. १८८० साली कुंभकोणमच्या महाविद्यालयात तमिळ शिकवावयास लागले, आणि त्याच सुमारास एका न्यायाधीशाने त्यांस सहज विचारले की, आपण अमके जुने काव्य वाचले आहे काय? ते त्यांनी वाचले नव्हते. त्या काळच्या शिक्षणक्रमात ते नव्हतेच. या एका प्रश्नाने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. शिकवून उरलेल्या वेळी ते गावोगाव, मठोमठी हिंडून ताडपत्रांवरील पोथ्या शोधू लागले. कोठे वाळवीने पत्रांची चाळण केलेली, कोठे जीर्ण झाली म्हणून पोथी नदीस अर्पण केलेली! १८८७ साली त्यांनी ते काव्य, 'जीवक चिंतामणी', छापून काढले, आणि १९४२ साली मृत्यू येईपर्यंत हे काम सोडले नाही. एका अध्यापकाने आपल्या फावल्या वेळेत वाचविलेले धन पंचवीस वर्षांनी दुसऱ्या अध्यापकास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास सापडले. ज्यास आपण फावला वेळ म्हणून नावे ठेवतो, त्यात काय काय होऊ शकते, याचा हा पुरावा.

परंतु आमच्या विषयाचे मर्म याहून पुढे आहे. त्या प्राचीन तमिळ काव्याचे शास्त्रकार काव्याचे दोन भाग करीत: 'अकम्' म्हणजे आतले, घरातले, मनातले, आणि 'पुरम्' म्हणजे बाहेरचे, चव्हाट्यावरचे, युद्धाचे व कीर्तीचे. अकम् काव्यात माणसांस नावे नसतात. 'तो', 'ती', 'तिची सखी' एवढेच. पुरम् काव्यात राजांची व वीरांची नावे येतात. हे वाचताच रामानुजन यांस बेळगावकडे जमविलेल्या आपल्या गोष्टी नव्या डोळ्यांनी दिसू लागल्या. स्वयंपाकघरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींतही 'एक राजा', 'एक म्हातारी', 'एक सून' अशीच माणसे असतात. नावे नसतात, गाव नसते. तीच गोष्ट चावडीवर किंवा देवळापुढे लोकगायक सांगू लागला की पात्रांस नावे मिळतात, गावे मिळतात, गोष्ट लांबते. ग्रंथालयात सापडलेल्या किल्लीने स्वयंपाकघराचे कुलूप उघडले. व्यासंगाने छंदास दृष्टी दिली, आणि छंदाने व्यासंगास जिवंत माणसे दिली. यांपैकी एकच असते, तर दोन्ही अपुरी राहिली असती.

आणखी एक उदाहरण देतो. पुष्कळ गोष्टी ताडून पाहता त्यांस असे आढळले की, पुरुषाच्या पराक्रमाच्या गोष्टी बहुधा लग्नाशी संपतात. राजकन्या मिळाली, अर्धे राज्य मिळाले, गोष्ट संपली. बायकांनी बायकांविषयी सांगितलेल्या गोष्टींत मात्र खरी गोष्ट लग्नानंतर सुरू होते. सासर, ताटातूट, न बोलता सोसलेले दुःख, आणि अखेर आपली हकीकत आपल्या तोंडाने सांगता येणे, असा त्यांचा क्रम असतो. हे सत्य कोणत्याही पाठ्यपुस्तकात लिहिलेले नव्हते. ते ज्या बायकांस ठाऊक होते त्यांतील बहुतेकींस अक्षरओळख नव्हती. एम. ए. झालेल्या अध्यापकाने अंगठा उठविणाऱ्या आजीबाईपुढे शिष्य होऊन बसावे तेव्हाच ते हाती लागते.

असे हे अध्यापक एकटेच होते असे नाही. आपल्या मराठीत विंदा करंदीकर मुंबईच्या महाविद्यालयांतून इंग्रजी शिकवीत. त्यांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र व शेक्सपिअरचा राजा लिअर मराठीत आणला, ज्ञानेश्वरांचा अमृतानुभव आजच्या मराठीत उतरविला, आणि याच हातांनी लहान मुलांसाठी बालगीतांची पुस्तकेही लिहिली. त्या बालगीतांनी त्यांच्या विद्वत्तेस उणेपणा आला असे कोणी म्हणणार नाही. जी. ए. कुलकर्णी धारवाडास इंग्रजी शिकवीत, घरी चित्रे रंगवीत, आणि मराठी कथेस त्यांनी जी खोली दिली ती सर्वश्रुत आहे. वर्गातील विषय एक, मनाची ओढ दुसरी, आणि दोहोंच्या संगमावर उभे राहिलेले काम तिसरे, असे या मंडळींच्या आयुष्यात वारंवार दिसून येते.

येथपर्यंत वाचून एखादा चाणाक्ष विद्यार्थी म्हणेल, "मग आम्ही मोबाइलवर खेळतो तोही आमचा छंदच की!" त्यास आमचे उत्तर असे की, छंद आणि चाळा यांत भेद आहे, आणि तो ओळखणे मुळीच कठीण नाही. चाळ्याने वेळ जातो. छंदाने वेळ साठतो. वर्षभर चाळा करून मागे वळून पाहिले तर हाती काही उरत नाही. वर्षभर छंद केला तर एक वही, एक पेटी, एखादे कौशल्य किंवा निदान पाच-पन्नास नवी नावे तरी हाती राहतात. दुसरे असे की, छंदास शिस्त असते. रामानुजन नुसत्या गोष्टी ऐकत नव्हते. कोणी सांगितली, कोठे, केव्हा, आणि हीच गोष्ट दुसरीने निराळी कशी सांगितली, याची ते नोंद ठेवीत. अंगावर फुले फुलविणाऱ्या, स्वतःच झाड होणाऱ्या मुलीची एक कानडी गोष्ट त्यांनी निरनिराळ्या तोंडांतून पुन्हा पुन्हा ऐकली व ताडून पाहिली. तिसरी खूण अशी की, छंद आपणांस दुसऱ्या माणसांकडे नेतो, त्यांस विचारावयास लावतो, ऐकावयास शिकवितो. चाळा आपणांस कोपऱ्यात नेऊन बसवितो. या तीन कसोट्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या आवडीस प्रामाणिकपणे लावून पाहाव्या. लावून झाल्यावर जे उत्तर येईल ते आम्हांस सांगण्याचीही जरुरी नाही.

पालकांचा आक्षेप याहून गंभीर आहे, आणि त्यास उडवून लावणे बरे नव्हे. ते म्हणतात, "हे सारे थोरांच्या बाबतीत ठीक. आमच्या मुलाचा छंद त्यास भाकरी देणार आहे काय? गुण पडले नाहीत तर प्रवेश कोण देतो?" यावर आम्ही दोन गोष्टी सांगू. पहिली अशी की, छंद हे अभ्यास चुकविण्याचे निमित्त होऊ शकत नाही, हे आम्हांसही मान्य आहे. रामानुजन आधी रीतसर एम. ए. झाले, रोज वर्गावर जाऊन शिकविले, परक्या देशी जाऊन प्रबंध लिहिला. ज्यास नेमलेले काम करण्याचा कंटाळा आहे, त्याचा छंदही फार दिवस टिकत नाही, असा आमचा अनुभव आहे. दुसरी गोष्ट अशी की, छंदाचे फळ कधी व कसे येईल याचा हिशेब आगाऊ मांडता येत नाही. बेळगावकडे लिहून घेतलेल्या गोष्टींचे त्या वेळी काही मोल नव्हते. भारतातील २२ भाषांतील लोककथांचा त्यांनी निवडलेला संग्रह १९९१ साली निघाला. आणि त्यांच्या जन्मभराच्या संग्रहातील ७७ कानडी गोष्टींचे पुस्तक १९९७ साली, म्हणजे ते निवर्तल्यावर चार वर्षांनी, प्रसिद्ध झाले. पेरणी व कापणी यांत चाळीस वर्षांचे अंतर पडले! ज्यास सहामाहीच्या निकालात फळ हवे आहे, त्याने आंब्याची कोय पुरू नये, मेथी पेरावी. मेथी वाईट असते असे नाही. पण नातवंडांस सावली हवी असेल तर कोणी तरी कोय पुरलीच पाहिजे.

आणि समजा, कापणी कधीच झाली नाही, तर? पुष्कळांच्या बाबतीत ती होणारही नाही, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. पक्षी ओळखणारा प्रत्येक मुलगा शास्त्रज्ञ होणार नाही, आणि गोष्टी लिहून घेणारी प्रत्येक मुलगी ग्रंथकर्ती होणार नाही. तरीही ज्याने काही एक गोष्ट निर्हेतुक प्रेमाने जाणली आहे, त्याचे मन गुणांच्या चढउतारावर हेलकावे खात नाही. त्यास स्वतःचे असे एक घर असते. दहावीच्या निकालाच्या दिवशी कित्येक मुलांच्या जिवावर बेतते ती वेळ पाहिली म्हणजे, या घराची किंमत काय, हे वेगळे सांगावयास नको.

रामानुजन यांनी इंग्रजीत उतरविलेल्या कानडी गोष्टींत एक फार लहान गोष्ट आहे. एका बाईस एक गोष्ट येत होती आणि एक गाणे येत होते. पण तिने ती कोणासच कधी सांगितली नाहीत. आत कोंडून पडलेली ती गोष्ट आणि ते गाणे गुदमरू लागली. एके दिवशी ती तोंड उघडे टाकून निजली असता ती दोघे बाहेर निसटली. गोष्ट जोडे होऊन दाराशी बसली. गाणे पुरुषाचा अंगरखा होऊन खुंटीस लटकले. नवरा घरी आला, विचारू लागला, घरी कोण आले आहे? बाईस काय ठाऊक! भांडण झाले, आणि नवरा रागाने घोंगडी घेऊन मारुतीच्या देवळात निजावयास गेला. त्या गावातील दिवे मालविले की त्यांच्या ज्योती रात्री त्याच देवळात गप्पा मारावयास जमत. त्या घरची ज्योत उशिरा आली, आणि तिने सर्व हकीकत सांगितली. नवऱ्याचा संशय फिटला. पहाटे घरी येऊन त्याने बायकोस त्या गोष्टीविषयी व गाण्याविषयी विचारले. पण तोवर ती दोन्ही विसरून गेली होती. "कसली गोष्ट? कसले गाणे?" एवढेच ती म्हणाली.

या गोष्टीचा शेवट आम्हांस भिवविणारा वाटतो. संशय फिटला, घर सावरले. पण जे गेले ते गेलेच. आज आपल्या कित्येक घरांत हेच घडत आहे. आजी गावाकडून येते, तिच्या पोटात शेकडो गोष्टी, ओव्या, उखाणे आणि म्हणी असतात. नातवंडास मराठी धड वाचता येत नाही याचे घरी कौतुक होते, आणि आजीने तोंड उघडले तर 'तिचे बोलणे अशुद्ध' म्हणून मुलास दूर नेण्यात येते. मग आजी गप्प बसते. तिच्याबरोबर काय गेले, हे कोणास कळतही नाही. कारण ते कोणत्याच यादीत नव्हते.

वस्तुतः आपल्या प्रांती या कामाची परंपरा मोठी आहे. १८६८ साली मेरी फ्रिअर या मुंबईच्या माजी गव्हर्नराच्या मुलीने दख्खनच्या गोष्टींचे पुस्तक लंडनात प्रसिद्ध केले, ते सर्व गोष्टी ॲना लिबेराटा डिसूझा या तिच्या आयेने सांगितल्या म्हणून. ॲनाचे आजोबा लिंगायत होते. गोव्याकडे येऊन राहिल्यावर ते ख्रिस्ती झाले. धर्म बदलला, गाव बदलले, भाषा बदलली. पण आजीने सांगितलेल्या गोष्टी नातीच्या ओठांवर तशाच राहिल्या. त्या पुस्तकाची खरी लेखिका ती आया होय, असे आम्ही समजतो. पुढे अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी बायकांच्या तोंडच्या ओव्या गोळा करून 'स्त्रीजीवन' सिद्ध केले. आणि हेमा राईरकर व गी पॉइटेव्हिन यांनी खेड्यापाड्यांतील बायकांकडून जात्यावरच्या ओव्या मिळविल्या, त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. एक लाख! आणि ज्यांनी त्या रचल्या, त्यांतील बहुतेकींच्या नावावर शाळेच्या हजेरीपटात एक दिवसही नोंदलेला नाही.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, या दिवाळीच्या सुट्टीत आमचे एवढे ऐका. आजी, पणजी, मावशी, शेजारची म्हातारी, कोणीही असो, तिच्याजवळ बसा आणि तिला येणारी एक गोष्ट लिहून घ्या. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी किंवा चिमणी-कावळ्याची घरे, इतकी साधी गोष्ट असली तरी चालेल. तिचे नाव, वय, गाव, आणि ही गोष्ट तिने कोणाकडून ऐकली, हे आरंभी लिहा. ती मालवणी बोलत असेल तर मालवणीच लिहा. अहिराणी, वऱ्हाडी, कोळी, जी बोली असेल ती तशीच उतरवा. पुस्तकी करू नका. मोबाइल जवळ असेल तर तिचा आवाजही त्यात साठवा, म्हणजे त्या यंत्राचा एक तरी सदुपयोग होईल. मग तीच गोष्ट दुसऱ्या एखाद्या घरी ऐका आणि दोहोंत काय बदलले ते पाहा: म्हातारीस वाटेत वाघ आधी भेटतो की कोल्हा? असे का बरे झाले असेल? हा प्रश्न ज्या घडीस तुमच्या मनात उठेल, त्या घडीस छंदाचा व्यासंग झाला असे समजा.

आणि पालकहो, तुमच्याजवळ आमचे मागणे याहूनही थोडे आहे. रोज अर्धा तास. त्या अर्ध्या तासात मूल काय करते याचा हिशेब मागू नका. ते चाळा करीत नाही ना, एवढेच दुरून पाहा. त्याने शिंप्याकडून छुप्या खिशांचा कोट मागितला, तर लगेच रागावू नका. आणि घरी म्हातारे माणूस असेल तर मुलांस त्याच्याजवळ बसू द्या. अभ्यासाचा वेळ वाया जातो म्हणून उठवू नका. उद्या त्या वहीचे काय होईल, हे तुम्ही आम्ही कोणीच सांगू शकत नाही. पण ती वही आज लिहिली गेली नाही, तर उद्या विचारणाऱ्यास "कसली गोष्ट? कसले गाणे?" याखेरीज दुसरे उत्तर आपल्यापाशी असणार नाही.